पावलांची भिंत

१

"ही माझी वीट नाय," मंगळी म्हणाली.

सोमवारचे साडेनऊ वाजले होते. वडाळे तलावाजवळच्या छोट्या सभागृहात प्रदर्शन उतरवायचं काम चाललं होतं, आणि शशिकलाबाई कुकरच्या शिट्ट्यांचं तोरण जुन्या साडीत गुंडाळत होत्या. त्यांनी वरही न बघता म्हटलं, "अगं, नाही कशी? दसऱ्याच्या आदल्या दिवशी तूच नाही का दिलीस? मधोमध ठेवलीये बघ."

विटेवरच्या एवढ्याशा पावलात मंगळीनं दोन बोटं घातली होती. चटका बसल्यासारखी ती काढून घेतली आणि ती सरळ बाहेर निघून गेली. आता मात्र बाईंच्या हातातलं तोरण खणखणत फरशीवर पडलं.

शशिकलाबाईंनी पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, बाई अजब वस्तू शोधत फिरायला लागल्या. उरणच्या कुणी मच्छीमारानं जाळ्याच्या काचेच्या गोळ्यांचे दिवे केले, आपट्याला कुणी मोडक्या होडीच्या फळीचा झोपाळा टांगला, की बाई तिथे हजर. फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि मोबाइलवरच्या आपल्या पानावर टाकायच्या. पानाचं नाव 'नजरेत भरलं'. त्याला एवढी माणसं जमली, की यंदा बाईंनी त्या वस्तूंचं प्रदर्शनच भरवलं.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी खेचली ती 'पावलांची भिंत' या मांडणीनं. वीटभट्टीवर ओल्या विटा उन्हात पसरलेल्या असतात. त्यांच्यावरून कुत्रा जातो, कोंबडी जाते, कधी कावळा दोन उड्या मारतो. मग वीट भाजली जाते आणि पाऊल कायमचं राहतं. बिल्डर असल्या विटा नाकारतात. मंगळी त्या उचलून आणायची. आपट्याजवळच्या कातकरीवाडीत तिच्या चुलीमागची भिंत बघून बाई अक्षरशः वेड्या झाल्या होत्या.

एकोणचाळीस विटा मंगळीनं हसत काढून दिल्या. चाळिसावी मात्र पत्र्याच्या पेटीत होती. "ती नाय," ती म्हणाली होती. ते तिच्या दिपाचं पाऊल होतं. सात वर्षांपूर्वी भट्टीवरच तापानं गेलेली, अडीच वर्षांची पोर. तिचा एकही फोटो नव्हता. मंगळी आणि तिचा नवरा गोमा दर साली ज्या भट्टीवर जात, तिथे बोचक्यात बांधून ही वीटही जायची आणि यायची. बाईंना चार खेपा घालाव्या लागल्या. शेवटी मंगळीनं विचारलं, "लोक बघतील तिला?" बाई म्हणाल्या, "बघतील गं. आणि दिवाळी झाली की जशीच्या तशी तुझ्या हातात देईन, माझा शब्द."

आता दिवाळी झाली होती. मुकादमाचा टेम्पो उद्या सकाळी सहाला वाडीवरून घाटावर निघणार होता, तो पावसाच्या तोंडावरच परतायचा. बाईंच्या हातात फक्त आजचा दिवस होता.

२

बाईंनी वीट खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला आणि मोबाइलमधला फोटो शेजारी धरला. तेच डावं पाऊल, तसाच तांबूस रंग, तेवढीच वीट. फोटोत दिव्याची सावली पावलात भरून राहिली होती, त्यामुळे आत काही दिसत नव्हतं.

"मॅडम, काय प्रॉब्लेम झाला?" मागून आवाज आला.

हा सत्यजीत. खारघरचा इंटिरिअर डिझायनर. सायकलच्या चाकांचं त्याचं झुंबर घेऊन जायला तो आला होता. बाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. पहिल्याच दिवशी हा माणूस मंगळीच्या मागे लागला होता, 'मागाल ते देतो, पण ही वीट मला द्या' म्हणून.

"वीट बदललीय," बाई म्हणाल्या. "आणि ती कुणाला हवी होती ते मला ठाऊक आहे."

सत्यजीत आधी गोंधळला, मग हसायला लागला. "मी? मॅडम, प्लीज! हवी होती, त्या नाही म्हणाल्या, विषय संपला. आणि मला वाटतं ही तीच वीट आहे. आता जायच्या वेळी भाव वाढवायला बघत असतील."

"तोंड सांभाळून बोल, सत्यजीत! त्या बाईनं एक पैसा मागितलेला नाही."

"सॉरी, सॉरी." तो वरमला. "खरं सांगतो, मला आता एका विटेत इंटरेस्टच नाही. कमळाकरशेठ पुन्हा हाती पाडलेल्या विटा काढतायत, त्यांच्या चांदणीच्या छापाच्या. खारघरच्या नव्या टॉवरमध्ये सगळ्या लॉबींच्या भिंती त्याच विटांच्या होणार, डिझाइन माझं. बुधवारी शेठची बिल्डरबरोबर सही आहे. बिल्डरचे पार्टनर परदेशातले, भयंकर कटकटे. भट्टीवर कधीही लहान मुलं नव्हती असं लेखी पाहिजे म्हणतात. त्या एका कागदापायी महिना गेला माझा."

कमळाकरशेठ म्हणजे जुने भट्टीवाले. मंगळीच्या त्या सगळ्या विटा त्यांच्याच भट्टीवरच्या, सात वर्षांपूर्वीच्या हंगामातल्या. प्रदर्शनाचं उद्घाटन बाईंनी त्यांच्याच हस्ते केलं होतं. भला माणूस. परवा शनिवारीसुद्धा सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले होते.

सत्यजीत खोटं बोलत असेल तर तो पक्का नट होता. बाईंना तसं वाटलं नाही. पण वीट खोटी आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच बाई बाहेर तलावाच्या पायऱ्यांवर बसली होती.

३

मंगळी पाण्याकडे बघत बसली होती. रडत नव्हती. बाई गुडघे धरत तिच्या शेजारी टेकल्या आणि वीट दोघींच्या मध्ये ठेवली.

"मंगळी, मी शब्द दिला होता आणि तो मी पाळणार. पण मला सांग, तुला कसं कळलं? मला तर काही कळत नाहीये."

"आई हाय मी."

"ते झालंच गं. पण मला लोकांना सांगायचंय. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी सांग."

मंगळीनं नाइलाजानं वीट मांडीवर घेतली. मग पावलाच्या बोटांवर तिनं नख टेकवलं.

"ही बोटं बघा. कशी चिकटलीत एकमेकीला. हा बुटातला पाय हाय, बाय. माझी दिपा चालायला लागली तवापासून मातीत. तिची बोटं अशी फाकलेली, पाचही येगळी." तिनं आपला अनवाणी पाय पुढे करून दाखवला. "आनि ती कवा चालली नाय, पळायचीच. पळनाऱ्याची बोटं खोल जातात, टाच नुसती टेकते. हितं बघा, टाचबी तेवढीच खोल आनि बोटंबी तेवढीच."

बाईंनी बोट फिरवून बघितलं. खरंच की! सगळं पाऊल एकसारखं, वरून दाबल्यासारखं.

"म्हणजे हे पोर विटेवरून गेलंच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "त्याला काखेत धरून कुणीतरी अलगद उभं केलंय आणि पाऊल उमटवून घेतलंय."

"कोन करल असलं?"

बाई ताडकन उठल्या, गुडघ्यांचं दुखणंही विसरल्या. असलं करणारी एक मुलगी त्यांना चांगली माहीत होती. त्यांचीच विद्यार्थिनी, आणि पावलांची भिंत रचायला तीच तर आली होती.

"चल," त्या म्हणाल्या. "कामोठ्याला जायचंय."

४

पूर्वी नावाच्या त्या विद्यार्थिनीचा स्टुडिओ कामोठ्यात एका क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होता. हल्ली लोकांना बाळाच्या हातापायांचे ठसे भिंतीवर लावायची भारी हौस. ती मातीत ठसे घ्यायची, विजेच्या भट्टीत भाजायची आणि चौकटीत बसवून द्यायची. चारही भिंतींवर इवलीइवली पावलं लावलेली होती. मंगळी दारातच थबकली आणि एकेक पाऊल बघत राहिली.

बाईंनी पिशवीतली वीट काढून टेबलावर ठेवली. "पूर्वी, हे काम तुझं का?"

पूर्वीचा चेहरा खुलला. "हो मॅडम! तुमच्याकडे कशी आली? छान झालीये ना?" मग तिचं लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती घाबरली. "काय झालं? मॅडम, मी काही चुकीचं केलं का?"

"ही आज पावलांच्या भिंतीत सापडली. दिपाच्या विटेच्या जागी."

पूर्वीनं वीट हातात घेऊन पुन्हा बघितली. भिंत रचून झाल्यावर ती प्रदर्शनाकडे फिरकलीच नव्हती, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. तिला खरंच काही माहीत नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाच बाईंना कळलं. शाळेतही खोटं बोलताना ही मुलगी स्वतःचा कान ओढायची, आज हात मांडीवरच होते.

"रडू नकोस. कुणाचं मूल होतं ते सांग."

"नाव नाही माहीत. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी फोन आला. प्रदर्शनातली वीट बघून आजोबांना हौस आलीये, नातवाचं तसंच पाऊल हवंय म्हणाले. मला वाटलं, तुमचं पान बघून कुणीतरी. मग ड्रायव्हर आणि एक सांभाळणारी मुलगी बाळाला घेऊन आले. वर्ष-दोन वर्षांचा असेल. मातीसुद्धा त्यांनीच आणली होती, तयार मळलेली."

"तुझी माती का नाही?"

"त्यांना तसाच रंग हवा होता. बादलीभर ती माती अजून पडलीये बघा."

मंगळी आत आली. कोपऱ्यातल्या बादलीत हात घालून तिनं माती चिमटीत चोळली, वास घेतला. "भट्टीची हाय. भुसा घातलाय."

"आणखी काही आठवतं?" बाईंनी विचारलं.

पूर्वीनं डोळे पुसले. "हां, एक झालं. मी सुचवलं होतं, पाऊल उमटवायच्या आधी विटेवर चांदणीचा छापही मारू या, प्रदर्शनातल्या सगळ्या विटांवर आहे तसा. खरीखुरी वाटेल. तर लगेच मेसेज आला. बघा."

तिनं फोन पुढे केला. अनोळखी नंबर, एकच ओळ. 'चांदणी अजिबात नको.'

५

रिक्षात बसल्यावर बाईंनी वीट उलटसुलट करून बघितली. खरंच, दोन्ही बाजूंना चांदणी नव्हती. सकाळपासून दोघीही नुसतं पाऊलच बघत बसल्या होत्या.

"मंगळी, चांदणी विटेच्या कुठल्या बाजूला येते?"

"वरच्या. साच्याच्या तळाला चांदनी असते. माती भरायची, साचा उलटा मारायचा, की चांदनी वर. तितंच कोंबडीकुत्र्याचे पाय पडतात."

"मग दिपाचं पाऊल चांदणीवर पडलं असणार."

"पडलंच हाय! निम्मी चांदनी मोडली तिनं. दोन टोकं राहिलीत, करंगळीजवळ."

बाईंनी मोबाइल काढला आणि फोटो बोटांनी मोठा मोठा करत नेला. सावलीच्या कडेला, करंगळीच्या बाहेर, दोन बारीक टोकं होती. महिनाभर शेकडो माणसांनी ती वीट बघितली, स्वतः बाईंनी रोज बघितली, आणि ती टोकं कुणाच्या डोळ्यांवर आली नाहीत. दिसली असती तर एकालाच. ज्याची ती चांदणी होती त्याला.

एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. विटेचा लोभ असलेल्या माणसानं नकली वीट केली असती तर चांदणीसकट केली असती, म्हणजे कुणाला संशय आला नसता. इथे चोरी झाली होती ती पाऊल मिळवायला नाही, तर पाऊल आणि चांदणी एकत्र दिसू नयेत म्हणून. लहान पोर आणि शेठची भट्टी, दोन्ही एकाच विटेवर. आणि बुधवारी त्याच शेठची सही होती, भट्टीवर कधीही मुलं नव्हती अशा कागदावर. अजून भट्ट्या पेटल्या नव्हत्या, तरी बाळाला आणणाऱ्यांकडे भट्टीची मळलेली माती होती, ती भट्टीवाल्याकडेच मिळणार. शनिवारी ते पेढे घेऊन आले तेव्हा हातातली पिशवी ओझ्यानं एका बाजूला झुकली होती, त्यांनी ती कुणाला धरू दिली नाही. पेढे वाटून झाल्यावर परत जातानाही ती तेवढीच जड होती. बाईंनी ते बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वय झालं बिचाऱ्याचं.

"बिचारा म्हणे!" बाई मोठ्यानं म्हणाल्या, तसं रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. "पनवेलला घ्या हो. कमळाकरशेठचा बंगला."

मंगळीचा हात पिशवीवर घट्ट झाला. "बाय, त्यांनी ती फोडली असल तर?"

"जरा लवकर घ्या," बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या.

६

शेठनी हसतमुखानं दार उघडलं. मागे मंगळी दिसली आणि हसू मावळलं, तरी ते म्हणाले, "या, या शशिकलाबाई. चहा टाकायला सांगतो."

"चहा नको." बाईंनी वीट काचेच्या टेबलावर ठेवली. "ही तुमची, शनिवारी आमच्याकडे विसरलात. आमची न्यायला आलोय."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. चिकटलेली बोटं, एकसारखी टाच, कामोठ्यातली भुशाची माती, 'अजिबात नको' असलेली चांदणी, बुधवारची सही, जाताना-येताना जड असलेली पिशवी. शेठ शांतपणे ऐकत होते. मोठे कारभार केलेला माणूस, एवढ्यानं हलणार नव्हता.

"गोष्ट छान रचलीत," ते म्हणाले. "पण पुरावा काय? मेसेज माझ्या नंबरवरून आलाय का?"

"नाही. तुमच्या नातवाला आणा. राजस ना नाव त्याचं? पाऊल ठेवून बघू विटेवर."

आतल्या खोलीतून लहान मूल खिदळल्याचा आवाज आला. शेठचा चेहरा उतरला. "बाई, पोराला यात आणू नका."

"तुमीच आनलंत त्याला," मंगळी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "माझी वीट कुटं हाय, शेठ?"

मंगळी जागची हलली नाही.

"दोनदा हातोडा उचलला," शेठ शेवटी म्हणाले. "नाही झालं. बारकं पाऊल आहे हो ते."

ते आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मंगळीनं टॉवेल सोडला. फाकलेली पाच बोटं, नुसती टेकलेली टाच, करंगळीजवळ चांदणीची दोन टोकं. तिनं ती वीट उचलून छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

मग मंगळीनं टेबलावरची वीट शेठच्या बाजूला सरकवली. "ही ठेवा. फोडू नका. पोराचा पाय हाय."

शेठनी मान खाली घातली. "मंगळे, झालं ते झालं. वीट घेऊन जा. फक्त बुधवारपर्यंत कुठे बोलू नकोस. पोरगा धंद्यात उभा राहतोय माझा. तुला काय हवं ते सांग, देतो."

"लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"ती तुमच्या भट्टीवर होती, ते. ती गेली तवा चौकशीला सरकारी सायेब आलते. तुमी सांगितलंत, हितं पोरंच नव्हती. मग माझी पोर मेली कुटं? दाखला नाय, कागुद नाय. वाडीतली मानसं म्हनतात, सोड, इसर आता. कागदावर नाय तर जनू झालीच नाय ती."

"असा कागद दिला तर बुधवारी माझी सही होणार नाही."

"नाय होनार," मंगळी म्हणाली आणि सोफ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. ती उठणार नव्हती, हे शेठना कळलं आणि बाईंनाही. बाई तिच्या शेजारी बसल्या.

आतून पोराचं खिदळणं पुन्हा आलं. शेठ बराच वेळ त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी कपाटातून कोरा कागद काढला, टेबलाशी बसले, पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"तिचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"दिपा," मंगळीनं सांगितलं. "दिपा गोमा मुकणे."

शेठनी लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद बाईंपुढे धरला. बाई हात पुढे करणार, तेवढ्यात मंगळीनं त्यांना अडवलं.

"मला वाचता येत नाय. शेठ, तुमीच वाचा."

शेठ उभे राहिले. घसा साफ करून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मी लिहून देतो, की दिपा गोमा मुकणे, वय अडीच वर्षं, ही मुलगी सात वर्षांपूर्वीच्या हंगामात माझ्या भट्टीवर आईवडिलांबरोबर राहत होती. ती तिथेच तापानं वारली. तेव्हा मी मुलं नव्हती असं सांगितलं, ते खोटं होतं."

मंगळीनं वीट मांडीवर नीट धरली.

"परत वाचा," ती म्हणाली.